रिकव्हरीत वेळ का लागतो

सुजे,

तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. ऐक म्हणते खरी, पण तुमच्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत हे मला ठाऊक आहे. "मेल्यावर माणूस कुठं जात नाही मंदे, इथंच संपतो," हे तू मला डबा खाताना कितीदा सांगितलंयस. तेव्हा तू ऐकत नाहीयेस, हे धरूनच बोलतेय. ऐकू येत असतं तर तू मला बोलू दिलं असतंस थोडंच!

झालं असं. हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, तो कुणाच्या तरी निरोप समारंभातला, डोळे अर्धवट मिटलेला. कुणी निवडला देव जाणे. पहिल्या रांगेत तुझे मिस्टर, लेक, तुमच्या गावची माणसं पांढऱ्या कपड्यांत. व्यवस्थापक साहेब उठले. म्हणाले, "सिस्टर सुजाता म्हणजे सोन्यासारखं मन. फार हळव्या. पेशंटला सोडवत नसे त्यांना. त्यामुळे रिकव्हरीत जरा जास्त वेळ लागायचा, थिएटरचं वेळापत्रक कोलमडायचं, पण आम्ही सांभाळून घेतलं."

सांभाळून घेतलं! मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही जगाची रीत. या माणसाने त्या दुधातही पाणी घातलं. माझं डोकं फिरलं. मी तिसऱ्या रांगेतून उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, थांबा. रिकव्हरीत वेळ का लागायचा ते मी सांगते. सर्जिकल वॉर्ड माझ्याकडे आहे, मला माहीत आहे."

हॉलमधल्या माना वळल्या. आपल्या वॉर्डातल्या एका पोरीने माझा पदर ओढला, "मॅडम, बसा ना." मी बसते होय?

समोर शेजारीपाजारी होते, गावची माणसं होती, म्हणून त्यांना आधी खोली समजावून सांगितली. ऑपरेशन झालं की माणूस लगेच वॉर्डात येत नाही. मध्ये एक खोली असते, तिला रिकव्हरी म्हणतात. भूल उतरेपर्यंत तिथे ठेवायचं. श्वास नीट चाललाय का, बीपी जागेवर आहे का, उलटी होतेय का, थंडी वाजतेय का, दुखतंय किती, हे बघायचं आणि मग वॉर्डात धाडायचं. कुणी पटकन उठतो, कुणाला वेळ लागतो. कमरेत इंजेक्शन दिलेल्याचे पाय लवकर हलत नाहीत. म्हाताऱ्या माणसाची भूल चिवट. ऑपरेशन लांबलं की जागही लांबते. थिएटरच्या गारठ्यातून आलेला माणूस कुडकुडत असतो, त्याला आधी ऊब द्यावी लागते. हे झालं पेशंटचं. पण पेशंट चांगला शुद्धीवर आलाय, चहा मागतोय, आणि तरी तिथेच पडून आहे, असं होतं तेव्हा? तेव्हा वॉर्डात बेड रिकामा नसतो, किंवा स्ट्रेचर ओढायला माणूस नसतो. त्याचा सुजाताच्या हळवेपणाशी काय संबंध?

"आणि बेड का नसतो, तेही सांगते," मी म्हटलं. "अमावास्या असते म्हणून."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तुझी लेक होती ती. तुझ्यासारखंच नाकातून हसते.

पण खोटं काय बोलले मी? आमच्याकडे अमावास्येला आजारी माणसाला घरी नेत नाहीत. डॉक्टर सकाळच्या राउंडला "जा घरी" म्हणून मोकळे होतात, आणि नातेवाईक माझ्या टेबलाशी येऊन म्हणतात, "सिस्टर, आजचा दिस राहू द्या, उद्या नेताव." शिकलेलेसुद्धा. आणि अमावास्या नसेल तेव्हा एसटी असते. गावाला जायची गाडी दुपार उलटल्यावर. तोवर पोटाला टाके घातलेला माणूस कुठे बसवू? तो बेडवरच थांबतो, आणि तिकडे तुझी रिकव्हरी तुंबते.

इंटरकॉमवरचं आपलं भांडण सगळ्या मजल्याला पाठ होतं.

"मंदे, बेड?"

"नाही."

"का?"

"अमावास्या."

"मग माझ्या पेशंटांना काय सांगू? चंद्र दिसला की पाठवते म्हणून?"

"सांग. तुझा काय पेशंट धड शुद्धीवर आलाय, माझा बेड मागतेयस ती?"

"माझ्या पेशंटचं मी बघेन. तू तुझी अमावास्या बघ."

मग तू फोन आपटायचीस. थोड्या वेळाने मी आपटायला मिळावा म्हणून परत लावायचे.

तुझा राग मला कळायचा, सुजे. अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली तू, वडील वीज प्रकल्पात कारकून, घरात पुस्तकं, आजोबांच्या काळात धम्मदीक्षा घेतलेली. अमावास्या-बिमावास्येची तुझ्या घरात शिरायची छाती नव्हती. आणि मी संगमेश्वराच्या आतल्या गावची, नांगर धरणाऱ्या घरातली. मी स्वतः काही मानते असं नाही, पण माझ्या घरातलं कुणी अमावास्येला प्रवासाला निघालेलं मी पाहिलेलं नाही. तुला वाटायचं, मी पेशंटांना चुचकारते. मी काय त्यांच्या अंगावर ओरडून बेड रिकामा करू? घाबरत घरी गेलेला माणूस तीन दिवसांत परत येतो, ते तू बघत नव्हतीस. मी बघत होते.

आणि तुझी आत्या! ते तर मी सभेत सांगितलंच. तुझ्या मिस्टरांची माफी मागून सांगितलं. आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, माझ्याच वॉर्डात होती, सुट्टी झाली आणि नेमकी अमावास्या. तू स्वतः रिकव्हरीतून खाली आलीस. मला दाखवायला की बघ, आमचा माणूस कसा निघतो. आत्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "आज नको गो. उद्या."

"आत्या, आपण हे कधीच सोडलं!" तू लाल झालेलीस.

"सोडला गो, सगळा सोडला. दीक्षा आमच्या बापाने घेतली. माझ्या टाक्यांनी न्हाय घेतली."

मी खुर्चीत बसून हसले, सुजे. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. आणि त्या दोन दिवसांत रिकव्हरीतून बेडसाठी एकसुद्धा फोन आला नाही. दुसऱ्या सिस्टरला करायला लावत होतीस.

त्यावर तू उपाय काढलास, तो वऱ्हांड्यातल्या खुर्च्यांचा. सुट्टी झालेल्यांनी एसटीची वेळ होईपर्यंत वऱ्हांड्यात बसायचं, बेड मोकळा करायचा. मी म्हटलं, "टाके घातलेल्या माणसाला वऱ्हांड्यात? त्यापेक्षा एसटी स्टँडवरच नेऊन बसवते ना." तू म्हणालीस, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागू, पंखा लावू, एक आया ठेवू. मी म्हटलं, आया कोण देणार, तुझे साहेब? हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं. तुझ्या आजारपणात मी मुद्दाम काढलं नाही. आता सगळे म्हणतायत की सुजाता सिस्टरांची किती चांगली कल्पना होती, त्यांच्या नावाने करूया. मी आताही विरोधच करणार आहे. तू चूक होतीस. मेलीस म्हणून बरोबर ठरत नाहीस.

पण एका गोष्टीत तुझ्यापुढे मी हात टेकलेत, ते सांगितलं पाहिजे. ते मी सभेत सांगितलं नाही. तिथे मला रडू फुटलं असतं, आणि त्या माणसासमोर मला ते फुटू द्यायचं नव्हतं.

आपली माणसं दुखतंय म्हणत नाहीत. बायका तर नाहीच. "बरी हाय" हे आपल्या मुलखातलं जुनं दुखणं आहे. पोट फाडून शिवलंय, घामाने उशी भिजलीय, आणि विचारलं तर, "बरी हाय गो, तू जा, तुला कामा असतील." डॉक्टर विचारतात "दुखतंय का?" आणि पेशंट मान हलवतो. दुखण्याचं इंजेक्शन राहून जातं, पेशंट वॉर्डात येतो आणि माझ्याकडे आल्यावर मग तळमळतो. दुखतं म्हणून श्वास खोल घेत नाही, श्वास घेत नाही म्हणून छाती भरते, आणि तीन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर जातो. तू कधी "दुखतंय का" विचारलंच नाहीस. तू म्हणायचीस, "जरा खोकून दाखवा." ज्याला दुखतंय त्याला खोकता येत नाही. तो नुसता घसा खाकरतो आणि तुझ्याकडे चोरासारखा बघतो. मग तू भूलतज्ज्ञांना बोलवायचीस, औषध द्यायला लावायचीस, आणि तेवढा वेळ तो पेशंट तुझ्याकडे राहायचा. याला साहेब हळवेपणा म्हणाले. अगं, हळवी कसली? खट होतीस तू. ऑपरेशन केलेल्या सर्जनला तू दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

आणि मग तुझं स्वतःचं ऑपरेशन झालं.

त्या दिवशी माझा बेड सकाळपासून तयार होता. खिडकीजवळचा. दोन उशा, घरून आणलेली धुतलेली चादर. आख्ख्या नोकरीत कुणासाठी एवढा वेळेत बेड तयार केला नसेन. मी स्वतः स्ट्रेचर घेऊन वर आले. तू डोळे उघडून पडली होतीस, तुझ्याच खोलीत, तुझ्याच त्या कोपऱ्यातल्या खाटेवर. तोंड पांढरंफटक. मला बघून म्हणालीस, "आलीस? चल, ने मला. पुढचा पेशंट बाहेर येईल."

"दुखतंय?"

"नाही."

"खोक."

"मंदे, उगाच..."

"खोक म्हणते ना!"

तू घसा खाकरलास. तू! एवढी वर्षं दुसऱ्यांचं हेच पकडलंस, आणि माझ्यासमोर खाकरतेस? मी स्ट्रेचरवाल्याला सांगितलं, परत जा. "हिचं काही झालेलं नाही अजून." तू मला शिव्या घातल्यास. हळू आवाजात, टाक्यांवर ताण येऊ न देता, पण अस्सल. मी भूलतज्ज्ञांना बोलावलं. औषध लागू पडेपर्यंत स्टूल ओढून बसले. बेड तयार, स्ट्रेचर दारात, आणि वॉर्डच नेत नाही, असं आपल्या हॉस्पिटलात त्या एकाच दिवशी झालं असेल.

औषधाने चेहरा सैल झाल्यावर तू म्हणालीस, "दुसऱ्याच्या तोंडून काढून घेणं सोपं असतं गं. आपलं सांगायची लाज वाटते."

मी म्हटलं, "झोप आता, मोठी शहाणी." खरं तर दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

तुझं दुखणं तोवर आत पसरलेलंच होतं, हे आपल्या दोघींनाही रिपोर्ट वाचता येत असल्यामुळे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. नंतर तू घरीच राहिलीस. मी यायचे, तू म्हणायचीस, "वॉर्ड कुणावर टाकून आलीस? जा." शेवटच्या आठवड्यातसुद्धा जा, जा. गेले मी. तू म्हटलंस म्हणून गेले. याचाही मला राग आहे, तुझ्यावरच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

असो. सभेचं सांगत होते. मी शेवटी म्हटलं, "साहेब, बेड मी दिला नाही, गाडी एसटीने दिली नाही, अमावास्या पंचांगाने दिली. आणि उरलेला वेळ तिने पेशंटचं दुखणं कमी करण्यात घालवला. यातलं हळवं काय आहे ते मला दाखवा." आणि बसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. तुझे मिस्टर जाताना माझ्याजवळ थांबले. लेकीने हात दाबला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नोटीस. माणूस तसा वाईट नाही गं. त्याने पाणी दिलं, बसवलं. म्हणाला, "सिस्टर, रिकव्हरी अडली की थिएटर अडतं. थिएटर अडलं की बाहेर सकाळपासून उपाशी बसलेला पुढचा पेशंट आणखी उपाशी राहतो. त्याचा विचार कुणी करायचा?" हे त्याचं खोटं नव्हतं. तुलाही ते आतून खायचं, मला माहीत आहे. "म्हणून आजपासून एक तास. तासाच्या आत पेशंट वॉर्डात. आणि तुम्हाला एवढं कळतंय तर रिकव्हरी तुम्हीच घ्या."

त्याला वाटलं मी नाही म्हणेन. निवृत्तीला आलेली बाई, गुडघे दुखतात, स्वतःचा वॉर्ड सोडून कशाला जाईल?

मी म्हटलं, "घेते."

तर आता मी तुझ्या खोलीत आहे. तुझं स्टूल फारच खुजं आहे, बदलून घेतलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मालगुंडकडच्या एक आजी आल्या. गर्भपिशवी काढलेली. शुद्धीवर आल्या, बीपी ठीक, पाय हलवले, हाक मारली की ओ देत होत्या. यंत्राच्या हिशेबाने सगळं चांगलं. नाडी तेवढी धावत होती. तास झाला. वॉर्डातून फोन. माझ्या जागी आलेली नवी सिस्टर, आवाज कसला खणखणीत! "मॅडम, बेड केव्हाचा तयार आहे, पाठवा की."

म्हटलं, "थांब."

आजींना विचारलं तर, "काय व्हत न्हाय गो बाय मना. ने कुठं न्यायचा तिथं."

तुझ्यासारखं गोड बोलणं मला जमत नाही, सुजे. मला फक्त खेकसता येतं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "काही होत नाही? मग डॉक्टरांना सांगते, आजीचं ऑपरेशन करायचं राहूनच गेलं, परत आत घ्या."

आजी हसल्या. हसल्या आणि टाके ओढले गेले. हात पोटाकडे, तोंडातून "आई गं!" आणि मग डोळे गच्च मिटून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना अशा आवाजात म्हणाल्या, "दुखताय गो. लय दुखताय."

"कधीपासून?"

"जाग आली तवापासून."

मी भूलतज्ज्ञांना फोन केला, दाराबाहेर पुढच्या पेशंटच्या घरच्यांना सांगून आले, तेवढ्यात दार ढकलून साहेब आत. घड्याळ दाखवत. "सिस्टर, तास होऊन गेला. पुढचा पेशंट ताटकळतोय."

"त्यांच्या घरच्यांशी मी आत्ताच बोलून आले. वेळ का लागतोय ते सांगितलं. ते म्हणाले, आमच्या आईलाही असंच बघा, आम्ही थांबतो. घाई फक्त तुम्हाला आहे."

"हे त्या बाईंच्या वेळेला चालायचं. त्या गेल्या आता."

"ती गेली. मी आहे." आणि म्हटलं, "साहेब, आधी ते बूट बाहेर काढा. ही रिकव्हरी आहे, बाजार नाही."

बूट काढायला ते दाराबाहेर गेले, आणि परत आत आले नाहीत. उद्या बोलावतील केबिनमध्ये. बोलावू दे. नोटीस देतील, तर देऊ दे, मी सगळ्या हॉस्पिटलासमोर मोठ्याने वाचून दाखवीन. तासाचा नियम माझ्या खोलीत चालणार नाही. ज्याला अर्ध्या तासात जमेल तो अर्ध्या तासात जाईल, ज्याला दुपार लागेल तो दुपारभर राहील, आणि बेड मिळेना झाला तर मी वॉर्डात जाऊन त्या पोरीशी भांडेन. मला भांडायची सवय आहे. समोर तू नाहीस एवढंच.

आजींना औषध दिलं, अंगावर गरम पांघरूण घातलं. श्वास हळूहळू खोल झाला. त्यांना जरा डोळा लागला. मी शेजारी बसले. खोलीत तेवढ्यात दुसरं कुणी नव्हतं. जागे झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाय, तुझा काय दुखताय?"

मी म्हटलं, "काही नाही आजी. बरी आहे मी."

त्या नुसता माझा हात धरून राहिल्या, स्ट्रेचर येईपर्यंत.

खोटं बोलले मी, सुजे. लय दुखतंय.